हिस्सा ठरला, पाळी राहिली

सामाईक विहिरीचे दावे ज्यांनी दिवाणी न्यायालयात चालवले आहेत, त्यांना एक गोष्ट लवकर कळते. दावा निकाली निघतो, हुकूमनामा हाती पडतो, वादी आणि प्रतिवादी यांचा विहिरीत निम्मा-निम्मा हिस्सा असल्याचे त्यात स्वच्छ शब्दांत लिहिलेले असते, आणि तरीही पुढच्याच उन्हाळ्यात तेच दोघे चुलतभाऊ वकिलाच्या टेबलासमोर येऊन उभे राहतात. हुकूमनाम्यात हिस्सा असतो. पाणी मात्र हिश्शाने निघत नाही, मोटारीने निघते. शेतीची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते, आणि एप्रिलमध्ये विहिरीच्या तळाशी परसभर, म्हणजे पुरुषभर उंचीचे, पाणी उरलेले असताना निम्मे म्हणजे कोणत्या वारी, किती तास आणि कोणाच्या मोटारीने, हे न्यायाधीशांनी लिहिलेले नसते, आणि खरे तर त्यांनी ते लिहावे अशी अपेक्षाही नसते. मग हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल होते आणि भांडणाचा दुसरा अध्याय सुरू होतो.

अशाच एका प्रकरणात दोन्ही पक्ष अखेर तडजोडीला तयार झाले, तेव्हा पुरसीस, म्हणजे न्यायालयात द्यायचे तडजोडीचे लेखी निवेदन, लिहिण्याचे काम माझ्याकडे आले होते. हिश्शाबद्दल त्यांना काहीही बोलायचे नव्हते. तो वाद संपलेला होता. त्यांनी सांगितलेली कलमे अशी होती, की सोमवार ते बुधवार एकाची पाळी, गुरुवार ते शनिवार दुसऱ्याची, रविवारी दोन्ही मोटारी बंद ठेवून विहिरीला पाझर भरू द्यायचा. दिवसाची वीज एकाच्याच वाट्याला येऊ नये म्हणून महिन्यातून एकदा वार बदलायचे. पाणी परसाच्या खाली गेले की दोघांनीही उसाची पाळी सोडायची आणि कांद्याची राहिलेली शेवटची पाणी आधी उरकायची. एकाची मोटार जळाली तर दुसऱ्याने आपल्या मोटारीने त्याला दोन दिवस पाणी द्यायचे आणि वीजबिल वसूल करायचे. यातले एकही कलम कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही. ती त्या विहिरीची, त्या दोन शेतांची आणि त्या फीडरची कलमे होती, आणि ती फक्त त्या दोघांनाच सुचू शकत होती.

नद्यांच्या पाणीतंट्यांबद्दल वाचताना मला ती पुरसीस आठवते, याला घरगुती कारणही आहे. माझे माहेर निफाड तालुक्यातले, नांदूर मधमेश्वर बंधाऱ्याच्या परिसरातले, आणि सासर पैठण तालुक्यातले, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरचे. म्हणजे एकाच गोदावरीच्या वरच्या अंगाला भाऊ आणि खालच्या अंगाला दीर, अशी आमच्या घराची मांडणी आहे. पाऊस बरा झाला की दोन्ही घरांत लग्नकार्ये, डोहाळजेवणे आणि कांद्याचे भाव एवढेच विषय असतात. पाऊस ओढला की दसऱ्यापासूनच बोलण्यात एक सावधपणा येतो, आणि दोन्हीकडची मंडळी 'आमच्या हक्काचे पाणी' हे शब्द एकाच ठामपणाने वापरू लागतात. दोघेही खरे बोलत असतात, ही यातली अडचण आहे.

वाद थोडक्यात असा. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे १०२ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) क्षमतेच्या या जलाशयाने, म्हणजे नाथसागराने, मराठवाड्याची शेती उभी राहायची होती. परंतु त्याच्या वरच्या बाजूला नाशिक आणि नगर जिल्ह्यांत काही धरणे आधीपासून होती, काही पुढे होत गेली, आणि तुटीच्या वर्षी वरची धरणे भरलेली व नाथसागर रिकामा असे चित्र वारंवार दिसू लागले. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा कायदा आला. त्याच्या कलम १२(६)(ग) मध्ये असे तत्त्व मांडले गेले, की टंचाईची झळ खोऱ्यात सर्वांनी सारखी सोसावी आणि ऑक्टोबरअखेर खोऱ्यातील सर्व जलाशयांत, खरिपातला वापर धरून, पाण्याची टक्केवारी साधारण सारखी असावी. २०१३ मध्ये मेंढेगिरी समितीने या तत्त्वाचे तक्ते तयार केले. सप्टेंबर २०१४ मध्ये प्राधिकरणाने आदेश दिला आणि २३ सप्टेंबर २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे हे तत्त्व उचलून धरले. तेव्हापासून १५ ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडीत पासष्ट टक्के उपयुक्त साठा आहे की नाही, हा आमच्या दोन्ही घरांचा निकालाचा दिवस असतो.

माझे मत विचाराल तर तत्त्व योग्यच आहे. माहेरच्यांना ते आवडत नाही, तरीही. ज्याच्या शेतात नदी आधी येते त्याने ती आधी संपवावी, असे म्हणायला भूगोलाखेरीज दुसरा आधार नाही. शिवाय कायद्याने हिस्सा ठरवल्याशिवाय खालच्या माणसाला तडजोडीच्या खोलीत कोणी खुर्चीही देत नाही. ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्याशी झालेल्या तडजोडीला आमच्या कोर्टात आम्ही मनातल्या मनात शरणागती म्हणतो. तेव्हा निकालाशी माझे भांडण नाही. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे, आणि ते असे, की हा निकाल हिश्शाचा आहे आणि पाळी अजून ठरलेलीच नाही.

पाळी न ठरल्याने काय होते ते पाणी सोडले जाते त्या आठवड्यात दिसते. २०२३ चे उदाहरण ताजे आहे. जायकवाडीसाठी ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश ऑक्टोबरअखेर निघाला, मग प्रकरण न्यायालयांत गेले, सर्वोच्च न्यायालयात स्थगिती मिळाली नाही, आणि मुळा, प्रवरा, गंगापूर आणि दारणा या समूहांतून पाणी प्रत्यक्ष नदीत पडले ते नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. या मधल्या आठवड्यांत नदीचे पात्र वाळत जाते, काठच्या विहिरी तहानलेल्या असतात, आणि मग सोडलेल्या पाण्यातला मोठा वाटा आधी वाळू आणि काठ पितात. पाणी सोडण्यापूर्वी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या जातात, नदीकाठच्या कृषिपंपांची वीज तोडली जाते, धरणांवर आणि बंधाऱ्यांवर पोलीस बसतात. वीज तुटली की फक्त नदीतून पाणी उपसणारा थांबत नाही; त्याच रोहित्रावर ज्याची स्वतःची विहीर आहे, त्याची द्राक्षबागही थांबते. माहेरच्या लोकांचा राग पाहिला तर तो सोडलेल्या टीएमसीवर कमी आणि या पद्धतीवर अधिक असतो. आणि सासरच्यांची तक्रार अशी, की कागदावरचे आठ टीएमसी नाथसागरात पोहोचेपर्यंत आठ राहत नाहीत, आणि पाणी येणार की नाही हे डिसेंबर उजाडेपर्यंत न कळल्याने रब्बीला हरभरा पेरावा की गहू, हे ठरवता येत नाही. दोघांचेही दुःख वेळेचे आहे. निकालात वेळेचे उत्तर एका तारखेपलीकडे नाही.

गंमत अशी, की ज्या पाण्यावरून आपण आपसांत एवढे भांडतो, ते पाणी महाराष्ट्राला मिळाले तेच मुळी वाटाघाटींतून. ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६२ खाली १९५६ मध्ये आंतरराज्य जलविवाद कायदा झाला. त्याची रचनाच अशी आहे, की वाद वाटाघाटींनी सुटणार नाही असे केंद्र सरकारचे मत झाले तरच लवाद नेमायचा. १० एप्रिल १९६९ रोजी कृष्णा आणि गोदावरी या दोन नद्यांसाठी दोन लवाद नेमले गेले आणि दोन्हींचे अध्यक्ष एकच होते, न्यायमूर्ती आर. एस. बच्छावत. एकच न्यायाधीश, एकच कायदा, बरीचशी तीच राज्ये; पण दोन नद्यांच्या कहाण्या अगदी वेगळ्या झाल्या.

कृष्णेचा खटला शेवटपर्यंत लढला गेला. १९७६ मध्ये महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी असा निवाडा राजपत्रात आला. पुढे त्याच्या फेरविचारासाठी २००४ मध्ये ब्रिजेशकुमार लवाद नेमावा लागला, त्याने २०१० मध्ये निर्णय दिला, २०१३ मध्ये पुढील अहवाल दिला, आणि सर्वोच्च न्यायालयातील प्रकरणांमुळे तो अद्याप राजपत्रातच आलेला नाही. कावेरीचा लवाद १९९० मध्ये नेमला गेला, त्याचा निवाडा २००७ मध्ये आला आणि सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय २०१८ मध्ये. या तारखा पाहिल्या की दिवाणी न्यायालयातल्या आमच्या तारखांचे कौतुक वाटू लागते.

गोदावरीत मात्र लवादाचे काम चालू असतानाच राज्यांनी बोलणी केली आणि १९७५ च्या अवघ्या काही महिन्यांत एकामागून एक द्विपक्षीय करार झाले. महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यातला करार ६ ऑक्टोबर १९७५ चा आहे. त्या वेळी आपल्याकडे मुख्यमंत्री होते नांदेडचे शंकरराव चव्हाण आणि तिकडे जे. वेंगळराव. करारातली मुख्य देवाणघेवाण साधी होती. गोदावरीचे पैठणपर्यंतचे आणि पूर्णेचे सिद्धेश्वरपर्यंतचे सगळे पाणी महाराष्ट्राने वापरावे. त्याखाली पोचमपाडपर्यंत (हे धरण आज तेलंगणात आहे) नव्या योजनांसाठी महाराष्ट्राने ६० टीएमसीपर्यंत घ्यावे. आणि आंध्रने पोचमपाड धरण १०९१ फूट पूर्ण संचय पातळीपर्यंत बांधावे, ज्याचा फुगवटा नांदेड जिल्ह्यात येणार हे महाराष्ट्राने मान्य करावे. एकाला वरचे पाणी हवे होते, दुसऱ्याला खालच्या धरणाची उंची हवी होती. दोघांकडे दुसऱ्याला हवे असलेले काहीतरी होते, आणि ते टेबलावर ठेवले गेले. १९७९ मध्ये आणि अंतिमतः जुलै १९८० मध्ये लवादाने जो निवाडा दिला, त्यात हे करार बव्हंशी जसेच्या तसे समाविष्ट झाले. न्यायाधीशांनी त्यावर मोहोर उठवली, असे म्हटले तर चूक होणार नाही.

अर्थात याचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही. गोदावरीत कृष्णेपेक्षा पाणी पुष्कळ अधिक होते आणि बरेचसे वापराविना समुद्राला जात होते. देशात आणीबाणी होती आणि दोन्ही राज्यांत काँग्रेसचीच सरकारे होती. मुख्यमंत्र्यांना दिल्लीने 'मिटवा' म्हटले की मिटवावे लागत असे. पण केवळ पाणी मुबलक असल्याने तंटे मिटतात असेही नाही. म्हादई ही काही कोरडी नदी नव्हे, तरी तिचे काय झाले ते गोव्यातल्या वाचकांना सांगायला नको. २०१८ मध्ये लवादाने कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी दिले आणि तिन्ही राज्ये त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. गोदावरीच्या करारातली जी युक्ती मला मोलाची वाटते ती अशी, की पुष्कळ ठिकाणी त्यांनी टीएमसी मोजून वाटले नाहीत, नदीवरची ठिकाणे वाटली: इथपर्यंतचे तुझे, त्याखालचे माझे. ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी दोघांचेही कमी. अशा करारावर आकड्यांचा खटला उभा करणे अवघड जाते.

नर्मदेतही असेच झाले होते. १९७४ च्या जुलैमध्ये मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत नदीचे वापरायोग्य पाणी २.८ कोटी एकरफूट धरायचे आणि त्यातून महाराष्ट्राला अडीच लाख व राजस्थानला पाच लाख एकरफूट द्यायचे हे ठरले, आणि लवादाने उरलेल्या पाण्याचीच मध्य प्रदेश आणि गुजरातमध्ये वाटणी केली. नदीत पाणी किती, हा वाद वैज्ञानिकांच्या साक्षींवर वर्षानुवर्षे चालू शकला असता. तो एका बैठकीत बाजूला ठेवला गेला. आकडा तंतोतंत बरोबर होता का, हा वेगळा प्रश्न आहे. सगळ्यांनी एकच आकडा धरला, हे महत्त्वाचे होते.

हिश्शानंतर पाळी कशी मागे राहते आणि मग कशी वर येते, याचे नमुनेदार उदाहरण त्याच १९७५ च्या कराराच्या पोटात आहे. नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद तालुक्यात बाभळी येथे महाराष्ट्राने बंधारा बांधला, तो पोचमपाडच्या फुगवट्यात. आपण म्हटले, हे आपल्या ६० टीएमसीतलेच पाणी आहे. आंध्रने म्हटले, हा आमच्या जलाशयात घातलेला हात आहे. २०१० च्या जुलैमध्ये चंद्राबाबू नायडू आपल्या सहकाऱ्यांसह तिथे आले आणि त्यांना अटक झाली. प्रश्न फक्त २.७४ टीएमसीचा होता. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जो निर्णय दिला, तो वाचताना मला चुलतभावांच्या पुरसीशीची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. १ जुलै ते २८ ऑक्टोबर बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवायचे, १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे, आणि देखरेखीला तीन सदस्यांची समिती. न्यायालयाने हिस्सा बदलला नाही. त्याने दिनदर्शिका दिली. आणि आजही १ जुलैला दोन्ही राज्यांचे अधिकारी एकत्र उभे राहून दरवाजे उघडतात, तेव्हा चित्र बऱ्यापैकी शांत असते.

नांदेडचे शेतकरी मात्र एक रास्त तक्रार करतात. २८ ऑक्टोबर उलटून दरवाजे बंद होतात तोवर पावसाळा निघून गेलेला असतो, पूर वाहून गेलेला असतो, आणि पुष्कळदा अडवायला फारसे पाणीच उरत नाही. मोसमी पाऊस दरवर्षी तारीख पाळत नाही आणि न्यायालयाची तारीख पावसाप्रमाणे सरकत नाही. तेलंगणाला पोचमपाड भरल्यावर त्या तारखेशी काही देणेघेणे उरत नाही. पाणी तसेही खाली सोडून द्यावे लागते. मग 'पोचमपाड भरले की बाभळीचे दरवाजे लवकर बंद करू' एवढे एक कलम दोन राज्यांनी आपसांत लिहून न्यायालयासमोर ठेवले तर कोणाचे काय जाते? काहीच जात नाही. तरीही दिनदर्शिका न्यायालयाकडून आली की ती दुरुस्त करण्याचीही सवय न्यायालयाकडेच पाहण्याची लागते.

कृष्णेच्या खोऱ्यात तर अदलाबदलीची एक फार सुंदर शक्यता वर्षानुवर्षे समोर आहे. उन्हाळ्यात उत्तर कर्नाटकाला पिण्याच्या पाण्याची टंचाई पडते आणि ते महाराष्ट्राकडे कोयना-वारणेतून पाणी मागतात. इकडे सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील पूर्वेकडची गावे तहानलेली आहेत आणि कर्नाटकाची तुबची-बबलेश्वर उपसा योजना त्यांच्या उशाशी आली आहे. आम्ही वरून नदीत सोडतो, तुम्ही तिकडून जतला द्या, अशी बोलणी अनेकदा झाली. कोयनेचे पाणी डोंगर चढवून जतला नेण्यापेक्षा हे दोघांनाही स्वस्त. २०२२ च्या अखेरीस जतच्या गावांतून कर्नाटकात जाण्याची भाषा झाली, तेव्हा मुंबईत मोठी खळबळ माजली आणि सीमाप्रश्नावर भाषणे झाली. गावकरी सीमेबद्दल बोलत नव्हते, पाण्याबद्दल बोलत होते. लवादाने ही अदलाबदल कधीच लिहून दिली नसती, कारण त्याच्यापुढे तसा वादच नव्हता. लवाद मागितलेले वाटतो. न मागितलेले सुचवण्याचे काम त्याचे नव्हे.

वाटाघाटींच्या बाजूने बोलताना त्यांच्यातली खोट झाकू नये. मंत्रालयात बसून झालेल्या तडजोडीत जे खोलीबाहेर असतात त्यांचे काय होते, हे आपण पाहिले आहे. महाराष्ट्र आणि गोवा यांनी तिलारी प्रकल्प संयुक्त केला, खर्च आणि पाणी यांची विभागणी आधीच ठरवली, गोव्याला ७३.३ टक्के आणि महाराष्ट्राला २६.७ टक्के. म्हादईवरून जे राज्य तीन दशके भांडते आहे, त्याच राज्याने शेजारच्या दोडामार्गात धरण बांधायला पैसे दिले आणि पाणी घेतले, हे मला या विषयातले सर्वांत आशादायक उदाहरण वाटते. पण त्याच धरणाखाली ज्यांची गावे गेली, त्यांना नोकऱ्यांसाठी वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्र आणि तेलंगणा यांनी मेडिगड्डा बंधाऱ्याची पातळी १०० मीटरवर आणि तुम्मिडीहट्टी बंधाऱ्याची १४८ मीटरवर आणून समझोता केला. उंची कमी करून बुडीत क्षेत्र घटवणे हे चांगल्या वाटाघाटीचेच लक्षण. तरीही गडचिरोलीतल्या सिरोंचाच्या शेतकऱ्याचे पुराचे पाणी शेतात शिरल्याचे दुःख त्या करारानंतर सुरू झाले. दोन मुख्यमंत्र्यांच्या सह्यांमध्ये त्याची सही नव्हती.

म्हणून मला वाटते, की गोदावरीच्या वरच्या खोऱ्यातल्या प्रश्नावर बोलणी व्हायची असतील तर ती दोन पालकमंत्र्यांची किंवा दोन महामंडळांची असू नयेत. आणि गाव पातळीवर असे काही होऊच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांनी माझ्या माहेरच्याच तालुक्यात ओझरला जाऊन यावे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाचा कालवा ओझरच्या शिवारात संपतो. नव्वदच्या दशकापूर्वी या शेवटच्या टोकाला पाणी येत नसे. ज्याच्या शेतातून चारी आधी जाते तो रात्री दार फोडून घेतो आणि टेलच्या माणसाने पाटकऱ्यामागे फिरायचे, हा साऱ्या महाराष्ट्राचा अनुभव तिथेही होता. १९९०-९१ च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये, भरत कावळे आणि सहकाऱ्यांनी टेलच्याच शेतकऱ्यांच्या तीन पाणीवापर संस्था काढल्या. पाणी हेक्टरवर न घेता घनमापनाने मोजून घ्यायचे, ज्याला हवे ते पीक त्याने घ्यावे पण ठरलेल्या कोट्यात, वाचलेले पाणी बाणगंगेवरच्या बंधाऱ्यांत सोडून विहिरी भरून घ्यायच्या. पुढे सगळ्या कालव्यावर अशा चोवीस संस्था झाल्या आणि त्यांचा प्रकल्पस्तरीय संघ झाला. वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनीही हे मान्य का केले? कारण पाणी मोजल्यावर त्यांना कळले, की ते चोरून घेत होते त्यापेक्षा वेळेवर मिळणारे थोडे पाणी द्राक्षाला अधिक उपयोगाचे आहे.

वाघाड हे धरण पालखेड समूहातले, म्हणजे जायकवाडीच्या वरच्याच खोऱ्यातले. टेलच्या माणसाला आधी पाणी देण्याचा हिशेब ज्या खोऱ्यात एका कालव्यावर जमला, त्याच खोऱ्यात तो नदीवर का जमू नये, या प्रश्नाला माहेरचे लोक 'नदी आणि कालवा यांत फरक आहे' असे उत्तर देतात. फरक आहेच, पण तो अंतराचा आणि आकाराचा आहे, आणि मोजमापाच्या साधनांनी तो पूर्वीपेक्षा बराच कमी झाला आहे.

मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, हिच्या महासंचालकांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने आता पासष्टऐवजी अठ्ठावन्न टक्क्यांची शिफारस केली आहे, आणि त्यावर दोन्हीकडून हरकतींचा पाऊस पडला. माझ्या वकिली नजरेला हा पुन्हा हिश्शाचाच दावा दिसतो. सात टक्क्यांनी एक बाजू हरते आणि दुसरी जिंकते. पाणी नोव्हेंबरात सोडायचे ते नोव्हेंबरातच सोडले जाते. पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी गोदावरीत आणले की सगळेच मिटेल, हे दोन्हीकडचे पुढारी एकसुरात सांगतात, आणि त्यावरच फक्त त्यांचे एकमत आहे. आज बसून बोलणे टाळायला त्याहून सोयीचे कारण नाही. ते पाणी येईल तेव्हा त्याच्याही पाळ्या ठरवाव्या लागतीलच.

बोलणी करायची तर नाथसागर भरलेल्या वर्षी करावीत, कारण रिकाम्या धरणाच्या काठावर कोणी कोणाचे ऐकत नाही. गेल्या खेपेला घरच्या एका लग्नात, धरण भरलेले असल्याने, भाऊ आणि थोरले दीर पंगतीनंतर या विषयावर बोलले. "पाहुणे, पाणी द्यायला आमची ना नाही," भाऊ म्हणाला, "पण ऑगस्टात मागा, नदी वाहती असताना, नोव्हेंबरात आमची छाटणी होऊन गेलेली असते, तेव्हा वीज तोडू नका." दिरांनी लगेच हो म्हटले नाही. ऑगस्टात सोडलेले पाणी पुढे भरून आले तर ते कोणाच्या नावे धरायचे, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो बिनतोड होता. मग वरच्या धरणांत १५ ऑगस्टला किती साठा असेल तर किती सोडायचे, सप्टेंबरात पाऊस झाला तर ते पुढच्या हिशेबात वळते कसे करायचे, आणि त्या बदल्यात नदीकाठच्या पंपांची वीज मोजणीच्या मीटरवर चालू कशी ठेवायची, इथवर गोष्ट आली. दिरांनीही एक गोष्ट आपणहून मान्य केली, की डाव्या कालव्याच्या गळतीत आणि आमच्या उसात जे पाणी जाते त्याचा हिशेब वरच्यांनी मागितला तर तो द्यावा लागेल. फक्त तोच हिशेब त्यांच्याही उसाचा व्हावा.

वहनव्ययावर मात्र दोघे अडले. पाणी मुळ्यातून किंवा दारण्यातून निघून पैठणला पोहोचेपर्यंत जे वाटेत जिरते ते सोडणाऱ्याच्या खात्यात मांडायचे की घेणाऱ्याच्या, यावर रात्री उशिरापर्यंत एकमत झाले नाही. दोघांच्याही समितीत मला वकील म्हणून घेतले तर मी पहिली बैठक नेमकी याच मुद्द्यावर लावीन, कारण वाटेत किती पाणी जिरते हे मोजता येते, नांदूर मधमेश्वरला मोजता येते, नाथसागराच्या तोंडाशी मोजता येते, आणि दोन्हीकडच्या माणसांनी शेजारी उभे राहून ते एकदा मोजले, की पुढच्या बैठकीला निदान आकडा तरी एकच असेल.